नियम बनवायच्या खेळात नवा गडी आला की... (नॉमिक, अगोरा आणि बाकीचे)

चाफेकळी

नमस्कार मंडळी,

नॉमिक या खेळाचा इथे पत्त्यांच्या आणि बोर्डगेमच्या धाग्यांवर ओझरता उल्लेख होऊन गेलाय. मला त्यातल्या एकाच गोष्टीवर बोलायचंय. नवा गडी आला की जुने लोक त्याच्याशी कसे वागतात, आणि त्या वागण्यातून रीती कशा तयार होतात?

ज्यांना खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या अर्लहॅम कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या पीटर स्यूबर यांनी हा खेळ तयार केला. डग्लस हॉफस्टॅडर यांनी जून १९८२ मध्ये 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्याच्यावर लिहिलं आणि तो लोकांपर्यंत पोचला. यात चाल एकच असते: आपली पाळी आली की नियमात बदल सुचवायचा. नवा नियम आणा, जुना रद्द करा, आहे तो दुरुस्त करा. बाकीचे मत देतात, आणि मंजूर झालं की पुढचा खेळ त्या नियमाने. सुरुवातीला २९ नियम असतात. १०१ ते ११६ अचल, २०१ ते २१३ चल. अचल नियमाला थेट हात लावता येत नाही, आधी सर्वांच्या संमतीने त्याला चल करून घ्यावं लागतं. पण तेवढं केलं की तोही बदलता येतो. फासा टाकून गुण मिळतात, १०० गुण झाले की जिंकलात. आणि हो, १०० चा आकडाही बदलता येतो.

गंमत म्हणजे त्या २९ नियमांत मध्येच कुणी नवा खेळाडू आला तर त्याला कसं घ्यायचं याबद्दल अक्षरही नाही. गरजच नव्हती. टेबलाभोवती चारपाच जण बसणार, कुणीतरी जिंकणार, उठणार. प्रश्न आला तो खेळ इंटरनेटवर जाऊन संपेनासा झाल्यावर. अगोरा हा ईमेलवर चालणारा नॉमिक ३० जून १९९३ पासून सुरू आहे. त्याच्या आधी नॉमिक वर्ल्ड नावाचा खेळ होता, तो बंद पडल्यावर तिथल्या लोकांनी अगोरा उभा केला. त्याच्या नियम १०१ मध्येच लिहिलंय की हा खेळ जिंकता येतो, पण तो संपत नाही. दर वर्षी ३० जूनला खेळाचा वाढदिवस होतो. त्या दिवशी सगळ्यांसमोर त्याची दखल घेणाऱ्याला एका विशिष्ट रंगाची रिबीन मिळते.

आता विचार करा, अशा ठिकाणी आज नवा माणूस आला तर त्याच्यापुढे काय वाढून ठेवलंय? तीस वर्षांत घासून घासून तयार झालेले नियम, वादांवर दिलेले हजारो निवाडे, आतल्या माणसांनाच कळतील असे विनोद. इतक्यावर कुणीही आल्या पावली परत जाईल. पण लोक येतात, आणि त्यातले काही टिकतात. का टिकतात याचं माझ्यापुरतं उत्तर त्यांच्या दोन रीतींत आहे.

पहिली म्हणजे स्वागताची शिदोरी. नव्याने नाव नोंदवलेल्या खेळाडूला कुठलाही खेळाडू एका ओळीत जाहीर करून ही शिदोरी देऊ शकतो: त्या काळात खेळात जी चलती वस्तू असेल तिच्यातलं थोडं थोडं. नोंदणीमागे एकदाच. यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी, की ती आपोआप मिळत नाही. कुणालातरी नव्या माणसाचं पत्र वाचून, त्याचं नाव लिहून, "याला शिदोरी मिळो" असं म्हणावं लागतं.

दुसरी रीत पांढऱ्या रिबिनीची. अगोरात वेगवेगळ्या कामगिऱ्यांसाठी वेगवेगळ्या रंगांच्या रिबिनी असतात. न्यायाधीश होऊन निवाडा दिलात तर निळी, एखादं पद सांभाळलंत तर हिरवी, वाढदिवसाची मजेंटा. सगळे रंग जमले की त्या रिबिनी मोडून डाव जिंकता येतो. पांढरी मात्र स्वतः कमावता येत नाही. किमान ३० दिवस नोंदणी झालेला, आणि ज्याने याआधी कुणालाही पांढरी रिबीन दिलेली नाही असा खेळाडूच ती दुसऱ्याला देऊ शकतो. आयुष्यात एकदाच. घेणाऱ्यालाही ती पूर्वी कधी मिळालेली नसावी लागते. म्हणजे रिबिनी जमवून जिंकू पाहणाऱ्या जुन्या खेळाडूलाही आधी कुणीतरी आपली एकमेव पांढरी रिबीन दिलेली असावी लागते. नियमच असा घातलाय की प्रत्येक जुन्याने एकदा तरी कुणा एकाकडे नीट पाहावं.

माझं म्हणणं एवढंच: नव्या माणसाभोवतीची रीत चांगली कधी, तर तिच्यातून त्याच्या हाती खेळात वापरता येईल असं काहीतरी पडतं तेव्हा. नुसतं हसून स्वागत पुरत नाही, आणि त्याच्यावर हसणं तर नकोच.

तुमचे अनुभव सांगा. नॉमिकच असलं पाहिजे असं नाही. जिथे खेळणारेच नियम करतात असा कुठलाही खेळ चालेल.

---

जुना_भिडू

चाफेकळी, धागा काढलास ते फार बरं केलंस. अगोराची पत्रं मी बरीच वर्षं वाचतोय. खेळाडू न होता नुसतं बघणाऱ्यांची तिथे 'वॉचर' म्हणून वेगळी नोंद होते. हीसुद्धा एक चांगली रीत. उंबऱ्यावर उभं राहायला मान्यता आहे, कुणी आत ओढत नाही.

तू ज्या दोन सांगितल्यास त्या नियमात बसलेल्या रीती. मला नियमात न बसलेल्यांबद्दल लिहायचंय, कारण सुरुवात तिथूनच होते.

अगोरात चर्चेची यादी वेगळी आणि खेळाच्या चालींची यादी वेगळी. "मी अमुक करतो" हे चालींच्या यादीवर लिहिलं तरच ते घडतं, चर्चेच्या यादीवर लिहिलं तर काहीच घडत नाही. नवा माणूस हमखास चुकीच्या यादीवर लिहितो. मोठ्या उत्साहाने नियम वाचलेले असतात, पहिली चाल लिहून पाठवतो, आणि उत्तरात एकच शब्द येतो: 'एनटीटीपीएफ'. म्हणजे, हे जाहीर मंचावर गेलेलं नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटेल की झिडकारलं. पण त्याच्याच जोडीचा दुसरा शब्द आहे, 'टीटीटीटीपीएफ': या वेळी जाहीर मंचावर. तोच मजकूर योग्य यादीवर परत पाठवताना वर हा शब्द टाकायचा आणि पुढे व्हायचं. माफी नाही, खुलासा नाही. आणि हे दोन्ही शब्द जुन्यांनाही लागतात, कारण पत्ता निवडताना कुणाचाही हात चुकतो. म्हणून नव्याला लागलीच कळतं की ही शिक्षा त्याच्यासाठी राखून ठेवलेली नाही.

तसाच 'आयसिडटिड' हा प्रकार. "मी म्हणतो मी केलं, म्हणून मी केलं" या युक्तिवादाला त्यांनी दिलेलं नाव. नव्या माणसाला कधीतरी सुचतंच की सरळ "मी जिंकलो" असं जाहीर करून बघावं. ते चालत नाही, पण का चालत नाही हे नीट सांगायला जावं तर पानभर मजकूर होतो. मग एक शब्द तयार झाला. तो ऐकला की नवा माणूस जुने निवाडे चाळायला लागतो आणि तिथे त्याला दिसतं की याच कल्पनेवर कितीतरी जणांनी डोकं लावलंय. निवाड्यांना तिथे क्रमांक असतात आणि ते कधीच तीन हजारांच्या पुढे गेलेत.

तर रीत कशी घडते, याचं मी जे पाहिलंय ते असं. आधी तीच अडचण परत परत येते. उत्तर देणारे कंटाळतात, उत्तर आखूड होतं. आखूड उत्तराचा शब्द होतो. शब्द सगळ्यांच्या तोंडी बसला की त्याला आपलेपणा येतो, आणि नव्याने तो पहिल्यांदा स्वतः दुसऱ्याला उद्देशून वापरला की तो आतला झाला. हा शेवटचा टप्पा कुणी जाहीर करत नाही, पण पत्रं वाचताना तो लख्ख दिसतो.

---

निशिगंध

छान धागा. पण चाफेकळीच्या मूळ म्हणण्याला माझा थोडा विरोध आहे.

तुमच्यापैकी कुणी माओ खेळलंय का? पत्त्यांचा खेळ. वरवर बघितलं तर उनोसारखा, रंग किंवा आकडा जुळवून पान टाकायचं आणि हात मोकळा करायचा. पण नव्या खेळाडूला नियम सांगायचेच नाहीत हा त्याचा पाया. पानं वाटणारा सांगतो की "सांगता येईल असा हा एकच नियम". पुढे तुम्ही चुकलात की एक पान दंड, आणि त्यासोबत फक्त कारण: "बोलल्याबद्दल", "इस्पिकचं नाव न घेतल्याबद्दल". सात्ती टाकली की बऱ्याच ठिकाणी "हॅव अ नाइस डे" म्हणावं लागतं. हे सगळं दंड खाऊन, दुसऱ्यांकडे बघून शिकायचं. आणि जो डाव जिंकेल तो एक नवा नियम मनात धरतो, कुणाला न सांगता. पुढच्या डावात तोही लागू.

हाही नियम बनवायचाच खेळ झाला, आणि इथे नव्याच्या हाती सुरुवातीला कोऱ्या गोंधळाशिवाय काहीच पडत नाही. तरी मी वसतिगृहात ज्या ज्या रात्री हा खेळले त्या मला अजून आठवतात. पहिला नियम स्वतःचा स्वतः ओळखला तेव्हा झालेला आनंद शिदोरीने मिळाला नसता. सगळं हातात ठेवलं तर शोधायला काय उरलं?

---

ॲड_वसुधा

निशिगंध, माओ मीही खेळले आहे आणि मला तो आवडतो. पण त्यात काय शाबूत आहे ते बघ. दंड म्हणजे एक पान. डाव संपला की तेही गेलं. नवा खेळाडू जिंकला तर नियम तोही करतो, आणि मग त्याच्या नियमावर जुने दंड खातात. या तीन गोष्टी आहेत म्हणून तो खेळ आहे. यातली एक काढ, म्हणजे समज नियम करायचा हक्क कायम जुन्यांकडेच ठेवला, तर उरतं ते वसतिगृहातल्या दुसऱ्या एका प्रकाराशी फार जुळतं. महाराष्ट्रात रॅगिंगविरुद्ध १९९९ साली कायदा करावा लागला तो काही उगाच नाही. तिथेही "ओळख परेड" हीच भाषा असते, आणि "आम्हीही यातूनच गेलो" हेच समर्थन.

माझ्यासाठी कसोटी साधी आहे. नव्याला निघून जाता येतं का, आणि जाताना त्याला काही किंमत मोजावी लागते का?

अगोरात हे फार नीट बांधलंय. कुणालाही त्याच्या इच्छेविरुद्ध बांधून घेता येत नाही असं नियमच सांगतो. आत यायला "मी खेळाडू होतोय" एवढं कुणालाही समजेल अशा शब्दांत जाहीर केलं की झालं, अर्ज नाही की मुलाखत नाही. बाहेर पडायलाही एक घोषणा पुरते. रागावून जायचं असेल तर त्याचीही रीत आहे: खेळाडूने आपल्या सगळ्या तक्रारी लिहून 'कँटस सिग्नियस', म्हणजे हंसाचं शेवटचं गाणं, सादर करायचं, आणि मग लॅटिन भाषेतलं नाव असलेला एक हुकूम काढून त्याला सन्मानाने निरोप द्यायचा. जाणाऱ्याचा राग त्यांनी दस्तऐवज म्हणून जपलाय. मला तर हे स्वागतापेक्षाही मोठं वाटतं, कारण निघताना आपलं ऐकून घेतलं जाईल याची खात्री असेल तर माणूस आत यायला कचरत नाही.

थोडं अवांतर, पण धाग्याशी संबंध आहे. स्यूबर यांना हा खेळ सुचला तो घटनादुरुस्तीच्या प्रश्नावरून. दुरुस्ती कशी करायची हे सांगणाऱ्या कलमाचीच त्याच कलमाने दुरुस्ती करता येते का? आपल्याकडे हा वाद कलम ३६८ वरून झाला आणि १९७३ साली केशवानंद भारती खटल्यात १३ न्यायाधीशांच्या पीठाने ७ विरुद्ध ६ असा निकाल दिला की संसदेला दुरुस्ती करता येते, पण घटनेची मूलभूत चौकट मोडता येत नाही. स्यूबर यांच्या मूळ नॉमिकमध्ये अशी चौकट नाही. अचल नियमही सर्वसंमतीने चल होतो आणि मग मोडता येतो. म्हणजे नव्या खेळाडूला संरक्षण देणारा नियम उद्या जुनेच लोक मतदानाने काढून टाकू शकतात. तो कागदावर टिकत नाही. तो काढून टाकायची कुणाला इच्छाच होत नाही म्हणून टिकतो. रीतीचं महत्त्व मला इथे दिसतं.

---

शाळामास्तर

सगळे प्रतिसाद शांतपणे वाचले. मी नॉमिक कधी खेळलो नाही, पण हे वाचताना सारखा आपला कच्चा लिंबू डोळ्यासमोर येत होता.

शाळेच्या मैदानावर रोज बघतो. लपाछपी असो, डबा ऐसपैस असो की दोन विटांवर मांडलेलं क्रिकेट, एखाद्याचा धाकटा भाऊ मागे मागे येतोच. मोठी मुलं जराही वेळ न घालवता ठरवतात: हा कच्चा लिंबू. त्याला पकडलं तरी राज्य येत नाही, त्रिफळा उडाला तरी तो खेळतच राहतो. पण तो धावतो, लपतो, ओरडतो, टाइम प्लीज मागतो. हा नियम कुठल्याही मोठ्या माणसाने मुलांना शिकवलेला नाही. मुलांनीच केला आणि मुलांनीच पुढच्यांना दिला.

माझं लक्ष मात्र एका वेगळ्या क्षणाकडे असतं. कधीतरी ते पोर स्वतःच म्हणतं, "मला कच्चा लिंबू नको." मोठी मुलं एकमेकांकडे बघतात. कुणीतरी म्हणतं, "मग राज्य आलं तर रडायचं नाही." तो मान हलवतो. पुढच्या डावात त्याच्यावर राज्य येतं, बहुतेक मुद्दामच आणलेलं असतं, आणि ते घेताना त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

चाफेकळी, तुमच्या अगोरात असा क्षण कुठे येतो? की नवा माणूस पहिल्या दिवसापासूनच पक्का?

---

चाफेकळी

मास्तर, फार चांगला प्रश्न. मला वाटतं अगोरात कच्चा लिंबू नाहीच. नोंदणी झाली की त्याच दिवशी प्रस्ताव मांडता येतो, एखाद्या गोष्टीवर निवाडा मागता येतो. चुकीच्या चालीचे परिणामही त्याचे त्यालाच भोगावे लागतात. शिदोरी त्याला हात देते, पण झेल सुटला तर सुटला.

एकच गोष्ट थांबून मिळते. चालू मतदानात नव्याला मत नसतं. मतदान सुरू झालं त्या वेळी जे खेळाडू होते त्यांचीच मतं धरली जातात. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे रुक्ष वाटलं होतं, पण कारण उघड आहे. नाहीतर प्रस्ताव पडतोय असं दिसलं की कुणीही आपले मित्र आणून भरती करील. आणि हे केवळ काल्पनिक नाही. साधारण २००७ च्या सुमारास अगोरात भागीदाऱ्यासुद्धा खेळाडू म्हणून नोंदवता येत होत्या. म्हणजे काही खेळाडूंनी मिळून करार करायचा आणि त्या करारालाच नवा खेळाडू म्हणून उभं करायचं. अशा वेळी "नवा कोण" हा प्रश्न सरळ राहत नाही.

निशिगंध, तुझ्या मुद्द्यावर मी बराच विचार केला. शोधायला काहीतरी उरलं पाहिजे हे मान्य. पण अगोरात शोधायला जे उरतं ते प्रचंड आहे, कारण सगळं उघड्यावर असूनही कुणाला एका दमात वाचता येत नाही. नियमावलीची एक आवृत्ती फक्त आजच्या मजकुराची असते आणि दुसऱ्या, लांबलचक आवृत्तीत प्रत्येक नियमाचा इतिहास आणि त्यावरचे निवाडे जोडलेले असतात. नवा माणूस त्यात शिरला की त्याला कारंजं सापडतं.

जुना_भिडू, कारंज्याचं तुम्ही लिहा ना. तुम्ही जास्त चांगलं सांगाल.

---

जुना_भिडू

लिहितो.

काही खेळाडूंनी मिळून नियमांतल्या एका फटीचा फायदा घेतला आणि खेळाची सूत्रं काही काळ आपल्या हाती घेतली. असं करणं तिथे लबाडी मानत नाहीत. ती कला आहे, आणि तिला 'स्कॅम' म्हणत असले तरी त्यात कौतुक असतं. सूत्रं हाती आल्यावर त्यांनी केलं काय, तर एक नियम घातला. त्या वेळच्या कुठल्याही नियमापेक्षा जास्त ताकदीचा, आणि मजकुरात अक्षरांच्या तिरक्या रेघांनी काढलेलं गावातलं कारंजं. त्यावर त्यांची नावं, आणि वाचणाऱ्याला एक विनंती: नेहमी जोरकस नाच करत राहा. बस. खेळ मोडता आला असता, पण त्यांनी कारंजं बांधलं.

नियमावली वाचत जाणाऱ्या नव्या माणसाला रुक्ष कलमांमध्ये एकदम हे चित्र दिसतं. तो विचारतोच, हे काय आहे? मग कुणीतरी गोष्ट सांगतं. निशिगंध म्हणते तो शोधाचा आनंद इथे आहे, आणि त्यासाठी कुणी काही लपवून ठेवलेलं नाही.

मास्तर, तुमच्या त्या क्षणाबद्दल. मला तो अगोरात दिसतो पदांच्या बाबतीत. खेळ चालवायची कामं खेळाडूच करतात: प्रस्ताव वाटणं, मतं मोजणं, नियमावली अद्ययावत ठेवणं, खेळाडूंची यादी राखणं. पदाधिकाऱ्याने काम वेळेत केलं नाही तर दुसरा कुणीही खेळाडू त्याच्या जागी ते काम करून दाखवू शकतो आणि तसं करताना ते पदच त्याच्याकडे येतं. यालाही एक रिबीन आहे. नव्या माणसाने कुणाचं तरी रखडलेलं काम उचललं, पहिला अहवाल लिहिला, त्यात चार चुका निघाल्या, त्याने दुरुस्त करून परत पाठवला, की मग तुमच्या मुलाच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते पत्रातही दिसतं. त्या दिवसापासून बाकीचे त्याच्या अहवालाची वाट बघायला लागतात.

आणखी एक उदाहरण. ब्लॉगनॉमिक नावाचा खेळ २००३ पासून चालतो. तिथे नव्यांचा प्रश्न वेगळ्या तऱ्हेने सुटतो. खेळ राजवटींमध्ये विभागलेला असतो. एखादा जिंकला की नवी राजवट सुरू होते, जिंकणारा पुढच्या राजवटीचा विषय ठरवतो आणि मूळ नियम सोडून आधीचे राजवटीचे नियम साधारणपणे पुसले जातात. त्यामुळे नव्या राजवटीच्या पहिल्या आठवड्यात आलेला माणूस आणि दहा वर्षं खेळणारा माणूस बऱ्यापैकी एकाच रेषेवर उभे असतात. वेगळं स्वागत फारसं लागतच नाही. पण मला स्वतःला अगोराच जवळचा वाटतो. पाटी पुसली की कारंजंही पुसलं जाणार.

---

पहिलटकर

धागा वाचून अंगात आलंय :) आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर नॉमिक सुरू करायचा विचार आहे. सहासात जण तयार आहेत, पण पुढच्या वर्षीची मुलं आली की ती मध्येच शिरणार. त्यांच्यासाठी आधीच नियम करून ठेवू का? की तुम्ही म्हणता तसं आपोआप होऊ द्यावं?

---

ॲड_वसुधा

दोनच गोष्टी आधी लिहून ठेवा. एक, कुणालाही कधीही बाहेर पडता येईल आणि त्यावर कुणी प्रश्न विचारणार नाही. दोन, चाल कुठे लिहिली तर धरायची आणि कुठे लिहिली तर नाही, यासाठी दोन वेगळे ग्रुप करा. बाकी सगळं पुढच्या वर्षीच्या मुलांसोबत ठरवा, त्यांच्या आधी नको.

---

निशिगंध

पहिलटकर, आणि खेळात एक तरी नियम असा ठेवा की जो शोधावा लागेल. तुमच्यात कुणी चित्र काढणारं असेल तर आधी त्याला गाठा.

जुना_भिडू, कारंज्याची गोष्ट फार आवडली. माझा विरोध निम्मा मागे घेते. निम्मा ठेवते, कारण माओतला तो पहिला अंदाज बरोबर यायचा क्षण मला अजूनही कुठल्याच खेळात परत मिळालेला नाही.

---

चाफेकळी

पहिलटकर, शुभेच्छा. आम्ही काही मित्रमैत्रिणी आणि चुलत भावंडं मिळून फोनवरच्या ग्रुपवर खेळतो, तिथला आमचा नियम देते. हवा तर घ्या, हवा तसा बदला.

"नवीन खेळाडू आल्यावर जो जुना खेळाडू सर्वप्रथम त्याच्या प्रस्तावाचा मसुदा वाचून त्यावर निदान एक सूचना लिहील, त्या दोघांना प्रत्येकी ५ गुण. सूचना स्वीकारायलाच हवी असं नाही. एका नवीन खेळाडूमागे हे गुण एकदाच मिळतील."

आधी आम्ही फक्त नव्याला गुण देत होतो. मग गुण मिळाले तरी त्याच्या मसुद्याकडे कुणी बघायचं नाही. "सूचना स्वीकारायलाच हवी असं नाही" हे वाक्य माझ्या धाकट्या चुलत बहिणीने घातलं. ती त्या वेळी खेळात सगळ्यात नवी होती आणि तिला तिच्या प्रस्तावात एका दादाने सुचवलेला बदल नको होता. एरवी मोठ्यांपुढे ती फारसं बोलत नाही. प्रस्ताव मांडला, कारण लिहिलं, आणि तो एकमताने मंजूर झाला. त्या दादाचंही मत होतंच त्यात.

---

पहिलटकर

हा नियम घेतोच. एक शंका: कुणी खेळ सोडून परत नव्या नावाने आला तर? त्यालाही आणि त्याच्या मित्रालाही दर वेळी ५ गुण मिळत राहतील.

---

जुना_भिडू

बरोबर पकडलंस. अगोरात स्वतःहून बाहेर पडलेल्याला ३० दिवस परत नोंदणी करता येत नाही. तुम्ही कॉलेजातले आहात, तर ३० दिवसांऐवजी "त्याच सत्रात नाही" असं करा. आणि नाव बदललं तरी माणूस तोच धरायचा, हेही लिहा.

पण माझा एक सल्ला ऐक. ही फट तू आत्ता बुजवू नकोस. पुढच्या वर्षी जी मुलं येतील त्यांच्यातल्या कुणाला तरी ती सापडू दे आणि बुजवायचा प्रस्ताव त्यालाच मांडू दे. कुणी आधीच तिचा फायदा घेऊन दहावीस गुण कमावले, तर कमावू दे.

---

पहिलटकर

ठीक आहे, तशीच ठेवतो. शनिवारी पहिला डाव आहे, २९ नियम मराठीत करून घेतोय. १०१ ते ११६ झालेत. २१३ ला अडकलोय, पुढे खेळणंच अशक्य झालं तर कोण जिंकलं ते ठरवणारा तो नियम. कुणी मसुदा वाचून देईल का?

---

शाळामास्तर

पाठवा. रात्री वाचून देतो. सूचना स्वीकारायलाच हवी असं नाही.